शब्दाचा माणूस

“मान जरा खाली घ्या,” म्हणत न्हाव्याने कात्री चालवली, तेवढ्यात खुर्चीतले पाळकसाहेब म्हणाले, “घंटाबाबांकडूनच येतोय. तुमचं फार कौतुक करत होते.”

“माझं?”

“दर आठवड्याला घरी जाऊन दाढी करता म्हणे. आजारी माणसाचं एवढं कोण करतं हो!”

कात्री हवेतच थांबली. चर्चची घंटा वाजवणारे बाबा पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, तेव्हा तो एकदाच त्यांच्या दारापर्यंत गेला होता. बाबांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं पाहून तिथूनच मागे फिरला. दिवसभर लोकांचे चेहरे हाताळणारा माणूस. पण तो चेहरा काही त्याच्याने बघवला नाही. पुढे दुकानाची सबब सापडली. बाबांच्या सुनेने निरोप धाडला की तो “रविवारी नक्की येतो” म्हणायचा, आणि रविवारी तर गिऱ्हाइकांची रीघ. चर्चमधली उपासनाही सुटली होती.

“नाही साहेब, मी…”

पण पाळकसाहेब आरशातून इतक्या समाधानाने बघत होते, की त्याने पुन्हा कात्री चालवली.

“मंडळीत येताना दिलेला शब्द पाळलात,” ते म्हणाले.

तो शब्द त्याला आठवत होता. चर्चचा सभासद होताना, मंडळीतल्या कुणाचंही दुखणं आपलं मानीन, असं सर्वांसमोर उभं राहून तो खणखणीत आवाजात बोलला होता.

साहेब गेले तसं त्याने शटर ओढलं.

बाबांच्या घरी सुनेने दार उघडलं. नुसती बाजूला झाली. खाटेवर बाबा होते. गालांवर जागोजागी कापल्याच्या खुणा.

“मीच करते त्यांची दाढी,” ती म्हणाली. “हात बसलेला नाही माझा.” आणि आत गेली.

त्याची मान वर होईना. “बाबा, साहेबांना खोटं का सांगितलंत?”

बाबांचा एकेक शब्द अडखळत बाहेर पडला. “तुला सभासद करून घेताना… कुणीतरी हमी द्यायची होती. मीच उठून म्हणालो, माणूस शब्दाचा आहे.” ते अर्ध्या तोंडाने हसले. “आता या वयात मी खोटा पडू?”

“दोन शिव्या तरी द्या.”

“दाढी कर. सून नुसती सोलून काढते.”

“ऐकू येतंय हं!” आतून आवाज आला.

बाबा पुन्हा हसले. त्याला हसता आलं नाही. त्याने गरम पाण्यात टॉवेल पिळून बाबांच्या तोंडावर ठेवला, फेस लावला. लोंबणारा गाल अंगठ्याने वर ताणला आणि जखमा चुकवत वस्तरा फिरवू लागला.

एक गाल झाला तोवर बाबांचा डोळा लागला. त्यांचं डोकं त्याच्या डाव्या तळहातावर कलंडलं.

सून डोकावली. “उशी देऊ?” तिने हळूच विचारलं.

त्याने मानेनेच नको म्हटलं. हाताला मुंग्या येत होत्या. दुसऱ्या गालावरचा फेस हळूहळू वाळत चालला होता.