रेंज माझ्यात नव्हती

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. पाच फळ्या, चार पाय, आणि त्यातला एक पाय मेला जरा आखूड. कुणी बसलं की मी कुरकुरतो. स्वभावच तसा, त्याला इलाज नाही. पण आज जे सांगणार आहे ते कुरकुर म्हणून ऐकू नका. माझ्यामुळे एका बाईचं फार मोठं नुकसान झालं, आणि ते अजून माझ्या मनातून जात नाही.

मला घडवणारा सुतार कमी बोलणारा होता. पट्टीवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. तो स्वतःच बसून बघायचा, उठायचा, रंधा मारायचा, पुन्हा बसायचा. "पाठ टेकली पाहिजे," एवढंच म्हणायचा. तिथून मी एका वाचनालयाच्या आतल्या खोलीत गेलो. वर्तमानपत्र वाचायला येणारे म्हातारे माझ्यावर बसत आणि मधल्या पानासाठी लहान मुलांसारखे भांडत. काय दिवस होते ते! पुढे गादीच्या खुर्च्या आल्या. "ही अडगळ कशाला?" असं कुणीतरी म्हणालं आणि माझी रवानगी बाहेर, भिंतीलगत झाली. दोन वर्षं ऊनपाऊस अंगावर काढला. कावळे सोडले तर माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग अचानक माझे दिवस पालटले. जवळच कपडे शिवायचा मोठा कारखाना आहे. तिथे लांबच्या देशातून बायामाणसं सहा महिन्यांच्या करारावर येतात. त्यांच्या मेसमधला आचारी एकदा दम खायला माझ्यावर टेकला आणि एकदम ओरडला, "अरे वा! इथे तर वायफाय येतंय!" वाचनालयाचं वायफाय भिंतीतून झिरपून माझ्या डाव्या टोकापर्यंत पोचत होतं. आतल्या ग्रंथपालबाई भल्या होत्या. हाकलायचं सोडून त्यांनी पासवर्ड कागदावर लिहून खिडकीला चिकटवला.

आचाऱ्याची ही परदेशातली सहावी खेप. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो माझ्यावर बसवून शिकवायचा, "उतरल्या उतरल्या काय करायचं? डेटा रोमिंग बंद! नाहीतर फोन खिशात झोपलेला असतो आणि बिल जागं असतं. घरी बजावून ठेवायचं, सरळ फोन करू नका. इथे नुसता उचलला तरी पैसे पडतात. पहिल्या खेपेला बायकोने मला फोन केला, आमटीत मीठ किती घालू म्हणून. बोलत बसली तासभर. माझा अर्धा पगार त्या आमटीत गेला! त्यापेक्षा या बाकावर बसायचं. बाकावर रेंज येते."

सगळे हसायचे. मीही खूश असायचो. खोटं कशाला बोलू, मला वाटायला लागलं होतं की रेंज खरंच माझ्यातूनच येते.

त्या लोकांमध्ये एक बाई होती. शर्टांना काजं करायची, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणत. तिची आई ती लहान असतानाच गेली. थोरल्या बहिणीने, अक्काने, तिला वाढवलं आणि सुई धरायला शिकवलं. आता अक्काचं हृदय थकलं होतं, ऑपरेशन करायचं होतं, आणि त्या खर्चासाठीच काजवाली एवढ्या लांब आली होती. रोज दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन यायची, माझ्या डाव्या टोकाला बसायची आणि फोन लावायची. तिकडे अक्काची मुलगी आईपुढे फोन धरायची.

"किती काजं केलीस आज?" अक्का विचारायची.

"चारशे."

"चल, थापा मारू नकोस."

"तीनशे नव्वद. झालं समाधान?"

"आणि जेवलीस का?"

"तुझ्याशी बोलू का जेवू?"

असं त्यांचं रोज चालायचं. मला दोघींचे आवाज पाठ झाले होते.

एका दुपारी अक्का म्हणाली, "उद्या नेणार गं मला आत. तुझ्याकडे दीड वाजेल तेव्हा. त्याआधी बोलशील ना? तुझा आवाज ऐकून जाते. धीर येतो."

"एकच्या ठोक्याला लावते," काजवाली म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आला. भिंतीला रंग द्यायचा होता. त्याने मला उचललं आणि अंगणाच्या पलीकडे, झाडाखाली नेऊन ठेवलं. चाळीस पावलं असतील. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याने भिंत रंगवली आणि शिडी तशीच ठेवून जेवायला गेला.

एक वाजता काजवाली धावत आली. क्षणभर थबकली, मग मला पाहून म्हणाली, "बरं झालं, सावलीत आणलं." आणि नेमाने माझ्या डाव्या टोकाला बसली.

फोन लागेना. तिने तो पदराला पुसला. बंद केला, चालू केला. उजव्या टोकाला बसून पाहिलं, माझ्यावर उभी राहून पाहिलं. "आता येईल, आता येईल," असं पुटपुटत होती. घरून निघताना दुकानदार म्हणाला होता, "रोमिंगचा छोटा पॅक मारून देऊ?" तिने नको म्हटलं होतं. त्यामुळे वायफायशिवाय तिला इथून फोन लावायची सोयच नव्हती; घरून आलेला तेवढा उचलता आला असता.

बाई गं, ऊठ! भिंतीपाशी जा! रेंज माझ्यात नाही! मी आतल्या आत किती ओरडलो. पण लाकडाचं ओरडणं म्हणजे कुरकुर. तिला वाटलं, आखूड पाय डुगडुगतोय. तिने त्याखाली दगड सरकवला.

दीड वाजता कारखान्याचा भोंगा झाला. न उघडलेला डबा उचलून ती गेली.

संध्याकाळी काम सुटताच ती पुन्हा आली आणि पुन्हा माझ्यावरच बसली. आचारी भिंतीपाशी उभा राहून घरी बोलत होता. त्याने हाक मारली, "अगं, तिथे काय करतेस? रेंज इकडे आहे!"

"पण तुम्हीच म्हणालात ना, बाकावर येते म्हणून."

आचाऱ्याने आपला फोन बंद केला आणि हाताने तिला बोलावलं. ती भिंतीशी गेली. लागोपाठ सहा वेळा फोन वाजला. सगळे निरोप भाचीच्या फोनवरून आलेले होते. तिने फोन आचाऱ्याकडे दिला, आणि त्याने ते एकेक करून वाचून दाखवले.

"मावशी, आई वाट बघतेय." "मावशी, कुठे आहेस?" "डॉक्टरांना पाच मिनिटं थांबवलंय." "सरळ फोन करू का? पण तुला पैसे पडतील ना?"

पाचवा निरोप अक्काच्या आवाजात होता. "अगं, कामात अडकली असशील. असू दे. मी जाते आत. तू आधी जेवून घे."

सहावा आचाऱ्याने वाचला नाही. त्याने फोन तिच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. अक्का ऑपरेशनमधून परत आली नव्हती.

काजवाली ओल्या रंगाच्या भिंतीला टेकून खाली बसली. माझ्यावर नाही. जमिनीवर.

चार दिवसांनी मला परत भिंतीशी आणलं. काजवालीचा करार आणखी दोन महिने होता. ती यायची, बसायची, डबा खायची. फोन पिशवीतच असायचा. मला वाटायचं तिने मला एक लाथ घालावी. पण तिने कधी रागाने हातसुद्धा आपटला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

तिच्या शेवटच्या आठवड्यात एक नवीन मुलगी आली. आचाऱ्याने तिला शिकवलं, रोमिंग बंद कर, घरी सांग फोन करू नका. काजवालीने सगळं ऐकून घेतलं आणि तिला जवळ बसवलं.

"डेटा बंद ठेव. रोजचं बोलणं इथूनच कर," ती म्हणाली. "पण छोटा का होईना, एक पॅक मारून घे. आणि घरी सांग, तसंच काही झालं तर विचारत बसू नका. सरळ फोन करा, मी उचलीन."

मित्रांनो, परदेशी जाल तेव्हा पैसे जरूर वाचवा. कष्टाचे पैसे असतात ते. पण घरच्या माणसांना तेवढं एक सांगून जा. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू जागेवरून हलवायची असेल तर खुशाल हलवा, फक्त तिच्यावर रोज कोण बसतं ते आधी विचारा. मला सांगता येत नाही.