पेन्सिलीने केलेली दुरुस्ती

मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. माझ्यात गोष्ट नाही, कविता नाही आणि चित्र तर औषधालाही सापडायचे नाही. वाशीमच्या बसस्टँडमागच्या गल्लीत एक लहानसा संगणक वर्ग आहे, तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर मी पडलेली असते. डीबगर कसा वापरावा, हे माझ्यात लिहिले आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. संगणकाचा प्रोग्राम कुठेतरी अडखळू लागला, की त्याला चालता चालता थांबवून आत काय बिघडले ते पाहावे लागते. ते पाहण्याच्या साधनाला डीबगर म्हणतात. वैद्य नाडी पाहतो, तसेच हे काम. आणि नाडी पाहताना काय करावे व काय मुळीच करू नये, हे सांगायला मी.

मला राजपाल सरांनी लिहिले. मूळ पुस्तिका इंग्रजीत होती आणि उशीएवढी जाड होती. खेड्यापाड्यांतून शिकायला येणारी मुले तिच्याकडे पाहूनच गार पडत. "पोट्टे बिघाडाले भेत नाईत, इंग्रजीले भेतात," असे सर म्हणत. म्हणून त्यांनी रोज वर्ग सुटल्यावर बसून माझे एकेक पान मराठीत उतरवले, मला निळा पुठ्ठा चढवला आणि पाठीला प्लास्टिकची गोल तार लावली. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू! नवे विद्यार्थी आले की सर मला हातात उंच धरून दाखवत.

पुढे विजेच्या खेळखंडोब्यात सरांचा संगणक जळाला आणि माझा मूळ मजकूर त्याच्याबरोबर गेला. मी फक्त कागदावर उरले. सर म्हातारे झाले, लेकीकडे नागपूरला राहायला गेले. जाताना त्यांनी मला संगीता मॅडमच्या हाती दिले. त्या सरांच्याच विद्यार्थिनी, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या. आता वर्ग त्याच चालवतात.

डीबगर काही एका जागी बसणारा प्राणी नाही. त्याची नवी आवृत्ती येते आणि काल खरे असलेले आज खोटे ठरते. अशा वेळी माझ्यासारखीला कुणीतरी सांभाळावे लागते. संगीता मॅडमनी मला फार जिवापाड सांभाळले. नवी आवृत्ती आली की त्या माझे प्रत्येक पान संगणकावर स्वतः करून पाहत. जिथे फरक पडे, तिथे समासात दुरुस्ती लिहीत. अक्षर बारीक, ज्वारीच्या दाण्यांसारखे गोल आणि सुटे. मात्र लिहीत त्या पेन्सिलीने.

त्याचेही कारण होते. त्यांचे वडील खेमाबापू जन्मभर ऊसतोडीला गेले. त्यांना अक्षर येत नव्हते, पण लेकीच्या पुस्तकाला चुकून पाय लागला तर ते पुस्तक उचलून कपाळाला लावत. पुस्तक म्हणजे देव, देवावर शाई ओतू नये, असे त्यांनी लेकीला लहानपणीच बजावले होते. शाळेत असतानाही मॅडमनी कधी पुस्तकात पेन चालवला नाही. मोठेपणी ती सवय सुटली नाही, आणि ती सुटावी असे त्यांना वाटलेही नाही. मलाही त्या हळुवार हाताचे कौतुकच वाटे. त्या कौतुकाचा आता मला राग येतो.

एका पानावर सरांनी लिहिले होते : "काम झाले की डीबगर बंद करावा. तपासत असलेला प्रोग्राम आपोआप पुढे चालू राहतो." सरांच्या काळात हे अगदी खरे होते. मग नवी आवृत्ती आली आणि नेमके उलटे झाले. आता डीबगर तसाच बंद केला, तर तपासत असलेला प्रोग्रामही त्याच्याबरोबर बंद पडतो. आधी प्रोग्राम मोकळा सोडायचा, मगच डीबगर बंद करायचा. मॅडमनी हे ताडले आणि त्या ओळीशेजारी पेन्सिलीने नीट लिहिले. लिहून ठेवले म्हणजे मुले वाचतील, असे त्यांना वाटले. शिकवताना त्यांनी ते वेगळे सांगितले नाही.

पण मुले मला वाचत कुठे होती? ती वाचत माझी झेरॉक्स. गल्लीच्या तोंडाशी जगदेवभाऊंचे झेरॉक्सचे दुकान आहे. "डीबगरचं द्या" म्हटले की ते पुढच्याला पाने काढून देत. दर वेळी मला कोण नेणार, म्हणून त्यांनी माझी एक प्रत काढून दुकानातच ठेवली होती. त्या प्रतीवरून पुढच्या प्रती निघत. शाई वाचवायला मशीन फिके ठेवायची त्यांची रीत. त्या फिक्या मशीनने सरांची छापील ओळ उचलली आणि मॅडमची पेन्सिल पार गाळून टाकली. असा माझा चुकीचा अवतार गावोगावी पोचला आणि मी, बरोबर असलेली, टेबलावर बसून राहिले.

ती आवृत्ती आली त्या वर्षी वर्गात अरीब नावाचा मुलगा होता. रिसोडचा. त्याचे वडील रहीमभाई गाद्या-रजया शिवतात. कापसाच्या धुळीने त्यांना खोकला जडला आहे, म्हणून मुलाने या धंद्यात येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. अरीबही जीव लावून शिकला. अनसिंगच्या रस्त्यावर एक दूध शीतकरण केंद्र आहे. तिथल्या टाकीतले दूध थंड ठेवणारा प्रोग्राम सांभाळायची नोकरी त्याला लागली. रहीमभाई येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "आमचा अरीब मशीनचा डाक्टर झाला."

मे महिन्यातली दुपार होती. पडद्यावर तापमान चुकीचे दिसत होते. अरीबने चालत्या प्रोग्रामला डीबगर लावला, चूक शोधून दुरुस्त केली आणि आकडा बरोबर दिसू लागला. मोठ्या अनुभवी माणसाला जमले नसते, असे काम त्याने केले. मग त्याने झेरॉक्स उघडून ते पान वाचले आणि तिथे लिहिल्याप्रमाणे डीबगर बंद केला. प्रोग्रामही बंद पडला आणि टाकी थंड होणे थांबले. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच थिजून राहिला आणि तो आकडा अगदी योग्य होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. संध्याकाळी गावागावांतून कोमट दूध आले आणि टाकीत पडले. सकाळी टँकर आला तेव्हा सगळे दूध नासले होते. ते नाल्यात सोडून द्यावे लागले. बायका काठावर उभ्या राहून आपल्या गायी-म्हशींचे दूध वाहून जाताना पाहत होत्या.

अरीबला त्याच दिवशी घरी पाठवले. "पुस्तकात असंच लिवलं हाये," हे त्याने परोपरीने सांगितले, पण चूक झाल्यावर पुस्तक दाखवणाऱ्याचे कोण ऐकतो?

तो थेट आमच्या वर्गात आला. मॅडमनी मला उघडून त्याच्यापुढे ठेवले. त्याने समासातली पेन्सिलीची ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि मान वर केली.

"मॅडम, हे तुमाले माईत होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"लिवून ठेवलं होतं रे बाबा. मले वाटलं, तुमी वाचलं असन."

 अरीबने आपली झेरॉक्स माझ्याशेजारी ठेवली. तिच्या समासात पांढऱ्या कागदाशिवाय काही नव्हते. मॅडमनी त्यावरून बोट फिरवले आणि त्या मुलासमोरच रडल्या. मला डोळे नाहीत, पण त्या दिवशी असते तर मीही रडले असते.

तो गेल्यावर मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकावर पेन धरला.  एकेक दुरुस्ती त्यांनी काळ्या शाईने गिरवली. मग मला घेऊन त्या जगदेवभाऊंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "दुकानातली जुनी प्रत फाडून टाका, आता याच्यावरून काढा."

जगदेवभाऊ कसनुसे हसले. "मॅडम, आता कागद कोन घेऊन राह्यलं? पोट्ट्यायनं जुन्या पानाचे फोटू काढून मोबाइलवर टाकले. कारंज्यापासून मालेगावापर्यंत गेलं ते."

मॅडमनी मुलांच्या ग्रुपवर दुरुस्ती पाठवली. दोघातिघांनी अंगठ्याचे चित्र पाठवले. लगेच कुणाचा तरी वाढदिवस आला आणि शुभेच्छांच्या ढिगाखाली ती गडप झाली.

परवा संस्कृती नावाची नवी मुलगी माझ्या शेजारीच बसून काम करत होती. मी तिच्या कोपराजवळ उघडी पडलेली, दुरुस्ती ठसठशीत शाईतली. तिने मात्र मोबाइल पाहिला, डीबगर बंद केला आणि प्रोग्राम गेला. "अवं, पुस्तक समोर असून मोबाइल काहून पायतं?" मॅडमनी विचारले. मुलगी गोंधळली. "मॅडम, हे तुमचंच तं पुस्तक हाये," ती मोबाइल पुढे करून म्हणाली. मोबाइलवर माझ्याच जुन्या पानाचा फोटो होता. वर्गात होती म्हणून निभावले. बाहेर अशा कितीजणांच्या हाती ते पान आहे, देव जाणे.

मित्रांनो, माझ्यासारख्या पुस्तिकेला कव्हर घाला, धूळ झटका, असे मी तुम्हांला सांगणार नाही. चूक सापडली तर ती ठळक लिहा, तोंडाने सांगा आणि ज्याला तिची गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोचली का, हे स्वतः जाऊन पाहा. हे मी सांगते आहे खरी, पण माझे शहाणपण आता कोणाच्या उपयोगाचे? चुकीचे पान माझ्या पुढे कधीच निघून गेले आहे, आणि मला पाय नाहीत.

एवढे मात्र करा. कधी रिसोडला गेलात तर गाद्यांच्या दुकानात डोकावा. खोकणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी एक तरुण रजई टाचत बसलेला दिसेल. संगणकाच्या कामाला त्याला आता कोणी उभे करत नाही. त्याला सांगा, बाबा, चूक तुझी नव्हती, पानाची होती. तो तुमचे ऐकून घेईल, मान हलवेल, आणि तोंडाला रुमाल बांधून पुन्हा कापूस भरू लागेल.