मधल्या सीटची सावली

अंगणात एवढी माणसं जमली होती की कुंपणाबाहेरच्यांना फक्त लोलकबाबांचा उंचावलेला हात आणि त्यातून लोंबणारा पितळी लोलक दिसत होता. समोर घरची जुनी पेट्रोल पिकअप सुरू करून ठेवली होती. स्टीअरिंगवर घरातला मुलगा बसला होता, मान खाली घालून.

"माणसाला आत्मा असतो, मग इंजिनाला नसेल?" लोलकबाबा गरजले. "चार सिलिंडर म्हणजे चार दिशा! त्यातली एक दिशा या घरात कोणीतरी गिळतंय!"

सिलिंडर किती असतात हे बाबांनी सकाळीच गॅरेजच्या मिस्त्रीला विचारून घेतलं होतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आधी नणंदेला केबिनमध्ये खिडकीपाशी बसवलं. इंजिन एका सुरात चालत राहिलं. मग सासूबाई बसल्या, खिडकीपाशीच. तोच सूर.

"आता सून. हिला नवऱ्याला खेटून मधे बसू दे. सावली नवऱ्याच्या आडोशालाच उघडी पडते."

सून मधे बसली आणि गाडी गचके खाऊ लागली. फट् फट् करत अख्खी केबिन थरथरली. गर्दीतून "अगं बाई!" उठलं. लोलक गरगर फिरला.

पंधरा दिवसांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा सून अशीच मधे बसून त्यांना खांद्याशी धरून होती. चढावर गाडी गचके खात मिसिंग करू लागली आणि दवाखान्याच्या दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. सासऱ्यांची उजवी बाजू गेली ती गेलीच. मिस्त्रीने प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. पण गॅरेजमध्ये, रिकाम्या केबिनने, गाडीला काही धाड भरलेली नसायची. मग कोणीतरी म्हणालं, सून बसली की होतं. आणि ते खरं होतं, हेच सगळ्यात वाईट. तिला स्वतःचीच भीती वाटू लागली होती. गेले चार दिवस तिची सात महिन्यांची लेक नणंदेच्या ताब्यात होती. फक्त पाजायला हातात मिळायची.

"वर्षभर हिने या उंबऱ्यात पाऊल ठेवायचं नाही," बाबांनी निकाल दिला. "मूल इथेच राहील."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो स्टीअरिंग पुसत होता. नखभरही धूळ नसलेलं स्टीअरिंग.

लग्नाआधी ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होती. मशीन अडलं की तिथली सुपरवायझर ओरडायची, "एका वेळी एकच गोष्ट बदला गं!" आज इथे एकदम दोन बदलल्या होत्या. बाई बदलली होती आणि जागाही. एरवीही मधे तीच बसायची.

ती खिडकीकडे सरकली. गचके थांबले. मग ती खाली उतरली.

"सासूबाई, तुम्ही जरा माझ्या जागी बसा."

"नको!" बाबा पुढे आले. "सावली आत्ता कुठे निवलीय. चवताळेल!"

"चवताळू द्या की," गर्दीतून मिस्त्री म्हणाला. "बघू तरी."

सासूबाई दार धरून चढल्या. मधे टेकल्या मात्र, गाडी पुन्हा फट् फट् करू लागली. जवळच्या बायका दोन पावलं मागे सरल्या. "म्हणजे मुळात सासूच..." कोणीतरी कुजबुजलं. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर सुनेला वाटलं, बसू दे यांनाही थोडा वेळ तिथे. मग तिने त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं.

"ते भिंतीशी पडलेलं वाळूचं पोतं ठेवा मधे."

मिस्त्रीने पोतं आणून आदळलं. गाडी तशीच अडखळली.

"काय हो बाबा," तिने विचारलं, "हे पोतं कोणाची सून?"

पहिल्यांदाच कोणीतरी हसलं.

या बनावटीच्या गाडीचं इंजिन सीटखालीच असतं. मिस्त्रीने पोतं काढलं, सीट उचलली आणि आडवा होऊन खाली पाहिलं. एका प्लगची तार खालच्या अंगाने सोलवटली होती. त्याने लाकडी दांड्याने ती सीटच्या लोखंडी पट्टीवर दाबली. सावलीत निळी ठिणगी तडतडली आणि इंजिन गचकलं.

"सीटचं रबर झिजलंय. मधे वजन आलं की पट्टी तारेवर टेकते. ठिणगी वाटेतच लोखंडात उतरते आणि एक सिलिंडर उपाशी." तो उठला. "तार उलटी करून मी पाहिलीच नव्हती. चूक माझी."

तेवढ्यात नवऱ्याला कंठ फुटला. "परवा बाबांना स्टँडवरून मीच आणलं. बाबा मधे बसले होते, त्यांचा चेला खिडकीशी. वाटभर गाडी अशीच गचकत होती. म्हणाले, तुमच्या घराची हवा लागली. नंतर चेल्याला मधे बसवलं, तरी तेच."

म्हणजे बाबांना मधल्या जागेची मेख परवाच कळली होती. म्हणूनच बाकीच्यांना खिडकी आणि सुनेला मधली जागा. लोलक फिरवायला तर बोटांची करामत पुरते. सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा बाबा लोलक खिशात कोंबत फाटकाकडे निघाले होते. "दुसरीकडे निकड आहे," एवढंच म्हणाले.

अर्ध्या तासात नवी तार बसली, नवं रबर बसलं. तिघं बसली तरी इंजिनाने हूं की चूं केलं नाही. सासूबाईंनी नात आणून सुनेच्या मांडीवर ठेवली.

नवरा म्हणाला, "चुकलो मी."

"परवा गाडी गचकली तेव्हा मी गाडीत नव्हतेच," ती म्हणाली. "एवढंच मनात आणलं असतं तरी पुरे होतं."

आतल्या खोलीत सासरे डाव्या हाताने उजवा हात उचलून छातीवर ठेवत होते. तो हात कुठल्याही तारेने परत येणार नव्हता. पण यंत्र का अडलं हे शोधायला विद्वान व्हावं लागत नाही. माणूस बदलून पाहावा, जागा बदलून पाहावी, एका वेळी एकच. आणि तेवढं केल्याशिवाय कोणाला उंबऱ्याबाहेर काढू नये.