गुडघ्याची बडदास्त

नॉर्मनचा गुडघा बदलला आणि त्या गुडघ्याचा थाट सुरू झाला. दर मंगळवारी हॉस्पिटलची गाडी दारात. घरी व्यायाम शिकवायला फिजिओ, तीही आधी फोन करून, वेळ विचारून. शेजारच्या आयरीनने मटण-बटाट्याचं भांडं आणून दिलं, क्लबातल्या मित्रांनी एकोणीस सह्यांचं कार्ड धाडलं. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या त्या गावात एवढं कौतुक नवऱ्यामुलाचंही झालं नसेल.

वरच्या खोलीत त्याची बायको मॅव्हिस फेब्रुवारीपासून अंथरुणाला खिळली होती. अंघोळ नाही, वेणीफणी नाही, दोन घास कसेबसे. एकदा ती म्हणाली, "मी नसते तर तुझं किती सोपं झालं असतं." नॉर्मनने लगेच डॉक्टरांना फोन केला.

तिच्यासाठी कार्ड आलं नाही. आयरीनने जिन्याकडे बघत हळूच विचारलं, "अजून... तसंच?" जणू वर कुणी चोरी करून लपलं होतं.

डॉक्टरांनी मॅव्हिसचं नाव पुढे पाठवलं तेव्हा मानसिक आरोग्याच्या कचेरीतून पत्र आलं. पेशंटने स्वतः चौदा दिवसांत, सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान फोन करावा. न केल्यास मदतीची गरज उरली नाही असं समजून नाव यादीतून काढलं जाईल. नॉर्मनला वाचून शिसारी आली. जिला उठवत नाही म्हणून मदत हवी, तिने आधी उठून दाखवायचं! पाय मोडलेल्याला कुणी म्हणतं का, धावत ये, मग बघू?

त्याने स्वतःच फोन लावला. जेड नावाची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "काका, पेशंटनेच बोलायला हवं. नियम आहे."

"अगं, माझ्या गुडघ्याने कधी फोन केला होता तुम्हाला?"

"तो विभाग वेगळा, काका."

मॅव्हिसच्या विनवण्या करता करता चौदावा दिवस उजाडला. कुबडी टेकत, एकेक पायरी चढत नॉर्मन वर गेला. मॅव्हिसच्या पाठीशी उशा लावल्या, फोन स्पीकरवर ठेवला. चाळीस मिनिटं तेच ते किनरं संगीत.

"मला सांगितलंस तेच सांग," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "फक्त खरं सांग गं."

अखेर जेड फोनवर आली. "नमस्कार मॅव्हिस, कशा आहात?"

आणि मॅव्हिसने चक्क केस सारखे केले. परक्यापुढे रडगाणं गायचं नाही, हे तिच्या आईने तिला दुधाबरोबर पाजलं होतं. "मी बरी आहे गं. तशी तक्रार काही नाही. तू कशी आहेस, बाळ?"

नॉर्मन हातवारे करू लागला.

"मदतीची गरज वाटते का तुम्हाला?"

"माझ्याहून वाईट अवस्थेत कितीतरी जण असतील. त्यांना आधी बघा."

"खोटं बोलतेय ती!" नॉर्मन ओरडला. "दोन महिने अंथरुणात आहे!"

"काका, त्यांना बोलू द्या ना," जेड म्हणाली. "ऐकून छान वाटलं हं, मॅव्हिस. मग मी केस बंद करते."

फोन बंद झाला. नॉर्मनला त्या पोरीचा राग करायचीही सोय नव्हती. ती समोरचे रकाने भरत होती. कुणाचा गुडघा तुझ्याहून वाईट आहे का, असं त्याला कुणीही विचारलं नव्हतं. चिरलं, नवा बसवला, वर शाबासकी दिली. आणि इथे माणूस जगेल की नाही ते त्याच्या शिष्टाचारावरून ठरवत होते.

त्याने पुन्हा नंबर लावला. दहा वाजून गेले होते. कचेरीची वेळ संपल्याचं एक ध्वनिमुद्रित बाई आनंदाने सांगत होती.

मॅव्हिस दमून उशीवर कलंडली. कितीतरी आठवड्यांनी ती त्याच्याकडे बघत होती, शाळेतल्या मुलीसारखी, उत्तर बरोबर आलं का म्हणून.

"नीट बोलले ना मी? उगाच त्या मुलीला त्रास नको."

"फार छान बोललीस," नॉर्मन म्हणाला.