कोंडीबाचा पोहायचा भोपळा

मी भोपळा बोलतोय. हसलात ना? हसा. परीक्षेत मिळतो तो मी नव्हे आणि भाजीतलाही नव्हे. मी पोरांना पोहायला शिकवणारा भोपळा आहे. म्हणजे होतो.

सोलापुरात आमच्या गिरणीमागे पायऱ्यांची विहीर आहे. तिच्या काठीच मी वेलावर जून झालो. म्हाताऱ्या कोंडीबानं मला उन्हात वाळवलं, देठाशी भोक पाडून आतला गर काढला आणि लाकडाचं बूच ठोकलं. हे एकोणीसशे वीस सालचं. पुढं दहा वर्षं चाळीतल्या पोरांच्या पाठीवर बसून मी फुकट जलविहार केला. हातपाय मारायचे ते पोरांनी.

कोंडीबाची एक लबाडी होती. पहिले आठ दिवस मी रिकामा असे. मग रोज तो गुपचूप माझ्यात तांब्याभर पाणी ओती. पोराला कमरेएवढ्या पाण्यात उभं करूनच मला बांधी, म्हणून माझं वजन त्याला कळत नसे. पोर आपलं निर्धास्त, भोपळा आहे ना! शेवटी मी काठोकाठ भरे. भरलेला भोपळा कुणाला तारणार? तेव्हा पोर स्वतःच पोहत असे. मग कोंडीबा त्याला पायरीवर बसवी, बूच काढून सगळं पाणी त्याच्या पायाशी ओती आणि म्हणे, "बघ रं, ह्यो तुला धरत व्हता व्हय? तूच ह्याला वडत व्हतास की!" आणि शपथ घाली, "कुनाला सांगू नगंस. मागनं येणारं पोर भ्यायचं."

त्या वेळी पोराचं तोंड बघावं. कुत्र्याला भिणारं पोर दुसऱ्या दिवशी मास्तरांना उलट प्रश्न विचारी. मी त्या एका घटकेसाठी जगत होतो, खोटं कशाला सांगू.

धुळाप्पा माझा शेवटचा. मल्लप्पा विणकऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा. कुणी नाव विचारलं तरी बापाच्या धोतराआड दडायचा. शाळेत तोंडच उघडत नसे, मास्तरांनी त्याला मुका ठरवून टाकला होता. पहिल्या दिवशी त्यानं माझी दोरी अशी आवळून धरली, की माझाच जीव घुसमटला. तिसऱ्या आठवड्यात मात्र विहिरीच्या मधोमध जाऊन तो ओरडला, "आजा, मी हितं हाय! बघा की!" विहीर घुमली. त्या दिवशी मी काठोकाठ भरलेला होतो.

कोंडीबा तेव्हाच पाणी ओतून दाखवणार होता. पण त्याला थंडी भरून आली, दातावर दात वाजू लागले. "उद्या तुला गंमत दावतो," असं धुळाप्पाला सांगून त्यानं मला तसाच विहिरीच्या कोनाड्यात ठेवला आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीला सुट्टी. लेक पोहतो म्हणून मल्लप्पाची छाती फुगलेली. तो धुळाप्पाला आणि धाकट्या लेकीला, मुक्तीला, घेऊन आला. "आजा तापानं पडलाय. आज मीच शिकवतो हिला." मला उचलताना म्हणाला, "लई जड हाय की!" आणि उत्तरही त्यानंच दिलं, "जुना माल असाच भक्कम असतोय."

मुक्ती रडू लागली. धुळाप्पानं तिचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याला धीर देत होता. "भिऊ नगंस मुक्ते. ह्यो भोपळा बुडू देत न्हाय."

मी ओरडलो असतो, पण तोंडात बूच होतं. मल्लप्पानं मला तिच्या पाठीला बांधून तिला पाण्यात सोडलं आणि आम्ही दोघं खाली गेलो.

बापानं उडी टाकून तिला वर काढलं. पोटातलं पाणी निघालं, ती रडली, वाचली. मग त्यानं मला पायरीवर आपटलं. मी फुटलो आणि माझ्यातलं पाणी धुळाप्पाच्या पायाशी वाहिलं. "आत पानी शिरलंय! फुटका भोपळा बांधत व्हता थेरडा. तू नशिबानं वाचलास, पोरा!" धुळाप्पा त्या पाण्याकडं बघत राहिला. ते पाणी म्हणजे काय, हे सांगणारा तिथं नव्हता.

कोंडीबा तिसऱ्या दिवशी तापातच गेला. शपथ घातलेली पोरं गप्प राहिली.

आता आठ वर्षं झाली. कोंडीबाची बायको सोजरबाई माझ्या उरलेल्या अर्ध्या भागात भांडी घासायची राख ठेवते. धुळाप्पा गिरणीत सुताच्या कांड्या वाहतो. मुकादमानं आईवरून शिवी दिली तरी मान वर करत नाही. विहीर टाळायला लांबचा वळसा घालून घरी जातो.

काल तो राख मागायला आला होता. "आत ये की रं," सोजरबाई म्हणाली. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. तिनं मला त्याच्या फडक्यावर उपडं केलं, तेव्हा त्याची बोटं मला लागली.

धुळाप्पा, बाळा, तू विहिरीच्या मधोमध होतास ना, तेव्हा मी पाण्यानं भरलेला होतो रे. मी तुला धरलं नव्हतं.

त्यानं फडक्याला गाठ मारली आणि भिंतीच्या कडेकडेनं निघून गेला.