कालव्याकडची ओळ

एप्रिलभर आम्ही ट्युलिपच्या शेतात रोगट झाडं शोधत फिरतो. पाकळीवर केसाएवढी फिकट रेघ दिसली की झाड कंदासकट उपटायचं. आमच्याकडचा रिवाज असा, की तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी शेवटची फेरी शेजाऱ्याने मारायची. तो आपल्या शेतात, आपण त्याच्या.

मला हा रिवाज कधीच पटला नव्हता. त्यात यंदा बाबांच्या लाल जातीची पहिली तपासणी. अठरा वर्षं खपून त्यांनी ती तयार केली आणि ऑक्टोबरात कंद लावून झाल्यावर ते गेले. पाचाहून जास्त रोगट झाडं निघाली तर सगळं पीक नष्ट करावं लागणार होतं, आणि त्या जातीचा दुसरीकडे एक कंदही नव्हता.

मी तीनदा शेत पालथं घातलं होतं. त्यामुळे शेजारचे गेरब्रांडकाका छत्री घेऊन आले तेव्हा मी फणकाऱ्याने म्हटलं, की त्या जाड चष्म्यातून तुम्हाला काय डोंबल दिसणार. उन्हात रेघ कळत नाही, म्हणून फुलांवर छत्रीची सावली धरत ते चालू लागले. मी पाय आपटत त्यांच्या शेतात गेले.

परतले तर कालव्याकडच्या ओळीच्या टोकाशी नऊ झाडं उपटून ठेवलेली. रेघा अगदी ठसठशीत.

"मला कशी दिसली नाहीत ही?"

"नेल्त्ये, इथे तुझा बाप बादली उपडी घालून कॉफी प्यायचा," काका म्हणाले. "इथे आलीस की तुला तोच दिसत असणार."

खरंच होतं ते. तिन्ही वेळा मी तिथे थांबले होते आणि डोळ्यांपुढे आलेले बाबांचे मातकट बूट पाहून पुढे गेले होते. मला रडू आलं. मग काकांच्या शेतात सापडलेली चार झाडं मी पुढे केली.

"कुठे होती?"

"तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली."

"रोज नाश्त्याला बघतो की मी ती," म्हणत काका कान खाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी तपासनिसाला एकच रोगट झाड सापडलं. जात वाचली. मी दोन बादल्या उपड्या घातल्या, काकांना कॉफी दिली आणि कालच्या बोलण्याची माफी मागितली. इतकं ऋणी मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, तेही सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही तर चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर इथे बसलात. तुम्हाला नाही दिसले बाबा?"

"दिसला ना," काका म्हणाले. "आधी त्याच्याशी बोलून घेतलं. मग खाली बघितलं."