झाकणावरचा नकाशा

हिची गाडी चालवण्याची परीक्षा दहा वाजता होती. तिसरी. पहिल्या वेळी उजवीकडे वळताना हिने वायपर लावला, दुसऱ्या वेळी परीक्षकालाच "पट्टा लावा आधी" म्हणून दरडावलं. आज हुकलं की शिकाऊ परवान्याची मुदत संपणार आणि सगळं पहिल्यापासून. नऊला पाच कमी असताना हिने किल्ली फिरवली. गाडी साधी खाकरलीसुद्धा नाही.

"ताई, बॅटरी गेली," मेहुणे म्हणाले. आमचे मेहुणे नळ गळला तरी बॅटरी गेली म्हणतात.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातून मेस्त्री आले. हातात काही नाही, खांद्यावर फडकं. त्यांनी हिला दिवे लावून किल्ली फिरवायला सांगितलं आणि स्वतः समोर उभे राहून दिव्यांकडे बघत राहिले.

"मंद होत नाहीत. म्हणजे बॅटरी ठणठणीत. स्टार्टरपर्यंत करंटच पोचत नाही. रिले बघू."

मेहुणे घरात पाणी प्यायला गेले.

रिले म्हणजे काडेपेटीहून लहान काळी डबी. किल्लीचा हुकूम आला की मोठा करंट पुढे सोडायचा, एवढंच तिचं काम. बॉनेटखालच्या पेटीत अशा आठ डब्या. कुठली कशाची, ते पेटीच्या झाकणावर छापलेलं असतं. मेस्त्रींनी झाकण उलटून पाहिलं. कोरं करकरीत.

"हे कुणी पुसलं?"

मी आकाशाकडे पाहिलं. निवृत्तीनंतर दर रविवारी मी गाडी आतून-बाहेरून घासतो. तारेच्या घासणीने.

"आयुष्यभर लोकांची बिनपाण्याने हजामत केली," ही म्हणाली, "झाकणाची पाण्याने केली."

मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी बोट फडक्याला पुसलं, डोळे मिटले. "वहिनी, मी 'हं' म्हटलं की किल्ली. साहेब, तुम्ही बोलू नका."

पहिल्या डबीवर बोट. "हं." काही नाही. दुसरी. तिसरी. चौथी. मी बरीच भाषणं ऐकली आहेत, पण इतक्या लक्षपूर्वक कुणाला काही ऐकताना पाहिलं नव्हतं, तेही बोटाने. पाचवीवर बोट थबकलं.

"परत. हं. हाच. टिक करतोय, म्हणजे हुकूम पोचतोय. आतली टोकं जळलीत, पुढे काही सोडत नाही."

"हो म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही," ही म्हणाली. "अहो, ओळख पटली का?"

"दुकान अकराला उघडतं. तोवर हॉर्नचा काढून लावतो, तसाच आहे."

"हॉर्न नको! परीक्षेत तो वाजवायला लावतात. एसीचा बघा."

मेस्त्रींनी डबीवरचे आकडे ताडून पाहिले आणि मान डोलावली. "बरोबर सुचलं, वहिनी." अदलाबदल केली. किल्ली फिरली आणि गाडी अशी सुरू झाली, जणू मघाशी ती दुसऱ्याच कुणाची होती.

परीक्षक कागदाने वारा घेत होता. चढावर त्याने इंजिन बंद करायला लावलं. मागच्या सीटवर मी दाराची कडी घट्ट धरली. हिने हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू.

"एसी नाही का हो?"

"आज तो दुसऱ्या ड्यूटीवर आहे," ही म्हणाली आणि आरशात बघून, योग्य बाजूचा दिवा लावून वळली. पास.

संध्याकाळी मेस्त्री नवा रिले घेऊन आले आणि आधी दोन्ही जुने रिले आपापल्या जागी परत लावले. "थांबा," म्हणून ही पुढे झाली, मला किल्लीवर बसवलं आणि डोळे मिटून डब्यांवर बोट फिरवू लागली. पाचवीवर थांबली. मेस्त्रींनी नवा रिले तिच्या हातात दिला.

मग माझ्या पुढ्यात आलं ते झाकण आणि पक्क्या शाईचं पेन. "मेस्त्री सांगतील तसं लिहा."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, एक शब्दही स्वतःचा न घालता. घासणी हिने आधीच उचलून ठेवली होती.